गुंड्याचा उजवा पाय

३ मार्च, सोमवार. सकाळी ९

वही नवी. पेन नवं. काम नवं.

आजपासून गुंड्याच्या पायाची जबाबदारी अधिकृतपणे माझ्याकडे. गुंड्या म्हणजे आमचा कुत्रा. वय सात, वजन चौतीस किलो. मागच्या उजव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला म्हणून दोन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. टाके निघाले. आता आठ आठवडे व्यायाम. सर्जनने स्पष्ट सांगितलंय की ऑपरेशन हे निम्मं काम, उरलेलं निम्मं घरी. ते झालं नाही तर पाय कायमचा अधू, किंवा परत टेबलावर.

बायको (पुढे या वहीत फक्त 'ही') म्हणाली की व्यायाम ती करून घेईल. मी साफ नकार दिला. तेहतीस वर्षं लिफ्ट-तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला एक गुडघा सांभाळता येणार नाही? रिटायर होऊन चार महिने झाले, म्हणून काय गंज चढला? शिवाय गुंड्या माझा. सात वर्षांपूर्वी मी त्याला खोक्यात घालून आणला तेव्हा ही म्हणाली होती की या घरात एक तर ते राहील नाहीतर मी. पुढे दोघंही राहिले, ती गोष्ट वेगळी.

दुपारी १

प्राण्यांच्या फिजिओथेरपी सेंटरला जाऊन आलो. रबराची जमीन, रंगीत शंकू, भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचा मोठा फुगा. कोपऱ्यात काचेची टाकी, तिच्यात कमरेएवढं कोमट पाणी आणि तळाशी सरकता पट्टा. गुंड्या पाण्यात चालला. बाहेरून पाय स्पष्ट दिसतात. फिजिओबाई वयाने लहान, पण कडक. टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. चांगली ३७ सेंटिमीटर, ऑपरेशनवाली ३१. म्हणाल्या, टेप खोटं बोलत नाही.

घरी करायचा तक्ता दिला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दर वेळी दहा मिनिटं गरम शेक. दहा वेळा बसणं-उठणं. जमिनीवर दांड्या मांडून त्यावरून हळूहळू चालवणं. बिस्किट नाकाशी धरून मान कमरेपर्यंत वळवणं. केलं की चौकटीत बरोबरची खूण. तक्ता फ्रिजवर लावला.

फिजिओबाई म्हणाल्या, लोक करतात कमी आणि खुणा करतात जास्त. मी हसलो. त्यांना माझ्या सर्वात गाजलेल्या केसची गोष्ट सांगितली. एका बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या रजिस्टरवर रोज 'लिफ्ट सुरळीत' अशी नोंद. मी फक्त एक तारीख काढली. त्या दिवशी लिफ्ट दुरुस्तीसाठी काढून नेली होती! नसलेली लिफ्ट सुरळीत! ऑपरेटरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. हिने जांभई दिली. तिने ही गोष्ट साधारण दोनशे वेळा ऐकली आहे.

४ मार्च, मंगळवार

गजर सहाचा. उठलो सव्वाआठला. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता, माझा दोष नाही.

बसणं-उठणं सुरू केलं. गुंड्या बसला. उठताना 'कूं' केलं. त्याने उजवा पाय वर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. ते डोळे! एक बिस्किट दिलं. त्याला बरं वाटलं. मलाही. आजचा दिवस ओळखीचा धरावा.

६ मार्च, गुरुवार

घाईने नुकसान होतं. लिफ्टसुद्धा दुरुस्तीनंतर आधी रिकामी चालवतात. गुंड्याला अजून दोन दिवस रिकामा ठेवतो.

दुपारी दोघं सोफ्यावर पडलो. शेक: माझ्या पोटाचा. दहा मिनिटांऐवजी दोन तास. म्हणजे जास्तच झाला.

८ मार्च, शनिवार

गुंड्या माझ्यासमोर फार लंगडतो. पाय वर धरून तीन पायांवर येतो आणि खिशाशी उभा राहतो. माणसाला दुःख सांगायला कुणीतरी लागतं, तसं जनावरालाही. बिस्किटं आज नऊ. तक्त्यातला बिस्किटाचा भाग तंतोतंत पाळतोय.

सोमवारपासून पूर्ण प्रोग्रॅम.

११ मार्च, मंगळवार

गुंड्याला भूल देऊन एक्स-रे काढायचा म्हणून दिवसभर दवाखान्यात ठेवलं. ही सोडायला गेली, हीच आणायला गेली. घर सुनं सुनं. झोपलो.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ७

उद्या सेंटरला जायचंय. तक्त्यात चार खुणा आहेत. हव्यात बेचाळीस.

हे खोटं नव्हे. व्यायामामागचा हेतू रोज होताच, फक्त नोंद राहिली होती. 'बॅकलॉग' म्हणतात त्याला. आणि मी काही तो लिफ्ट-ऑपरेटर नाही एका पेनने एका बैठकीत रजिस्टर भरायला. तीन पेनं घेतली. निळं, काळं आणि फोनशेजारचं ते हिरवट. काही खुणा उभ्याने केल्या, काही बसून. दोन ठिकाणी चहाचा डाग पाडला. तेहतीस वर्षांचा अनुभव असा वाया जात नाही.

१७ मार्च, सोमवार

मांडी ३०.५. अर्धा सेंटिमीटर कमी. टेपमध्ये काहीतरी गडबड आहे, कापडी टेप ताणला जातो, हे मी त्यांना सांगितलं.

फिजिओबाई तक्ता बराच वेळ बघत होत्या. मग मला गाडी फाटकाशी आणायला सांगितली. गाडी आणली तरी दोघी आत बोलतच. बाहेर आल्यावर विचारलं, तर ही म्हणाली की बुटांबद्दल बोलत होतो. बायकांना कुठेही विषय सापडतो.

१८ मार्च, मंगळवार

ही पहाटे साडेपाचला चालायला जायला लागली. कालच नवे बूट आणले. कंबर धरते म्हणे. चार दिवसांचा उत्साह. प्रत्येकाला माझ्यासारखी चिकाटी नसते.

२१ मार्च, शुक्रवार

घरातल्या झाडूच्या दांड्या कुठे जातात? दोन गायब. पोछ्याची एक. बेडरूमच्या पडद्याचा जुना रॉड, तोही. कामवाल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या की वहिनींना विचारा. हिला विचारलं तर म्हणाली की बाईंना विचारा. या घरात कुणी कशाची जबाबदारी घेत नाही.

३१ मार्च, सोमवार

३२.५!

दोन सेंटिमीटर! मी उभ्या उभ्या टाळी वाजवली. गुंड्या दचकला, उजवा पाय वर. बिस्किट दिलं.

आता शांतपणे विचार केला पाहिजे. मी व्यायाम घेतलेला नाही, हे मी इथे, फक्त इथे, मान्य करतो. तरी मांडी वाढली. म्हणजे वाढली कशाने? मी जे केलं त्यानेच. मी काय केलं? विश्रांती, सहवास, बिस्किट. हल्ली तो सकाळी आठला माझ्याशेजारी येऊन पडतो तो थेट दुपारपर्यंत गाढ. असा घोरतो की जणू डोंगर चढून आलाय. स्नायू झोपेत वाढतात, हे कुठेतरी वाचलं होतं. अख्खी फिजिओथेरपी उलट्या दिशेने चालली आहे आणि हे एका लिफ्टवाल्याने शोधून काढावं!

५ एप्रिल, शनिवार

चिंता. आज गुंड्याने डावा पाय वर धरला. ऑपरेशन उजव्याचं. दुखणं पसरतंय बहुतेक. बिस्किट दिलं तेव्हा त्याने जरा विचार केला आणि पाय बदलला.

७ एप्रिल, सोमवार

वॉचमनने विचारलं, साहेब, मॅडम आज पहाटे गच्चीवर आल्या नाहीत, बरं नाही का? मी म्हटलं, मॅडम चालायला जातात, गच्चीवर नाही. तो म्हणाला, हो साहेब, असेल साहेब. हा माणूस ड्यूटीवर झोपतो आणि स्वप्नं बघतो. रजिस्टरही बघायला हवं त्याचं.

१४ एप्रिल, सोमवार

३४.५. फिजिओबाईंना माझी पद्धत सांगितली. छोटी पुस्तिका लिहायचा विचारही सांगितला. नाव: 'विश्रांतीतून बळ'. त्या पाणी प्यायला गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत.

मग त्यांनी काचेच्या टाकीतला व्हिडिओ दाखवला. चारही पाय एकसारखे पडतायत. मी म्हटलं, हे पाण्याचं कौतुक, जमिनीवर बिचाऱ्याचे हाल बघवत नाहीत. त्यांनी विचारलं की नक्की कधी लंगडतो. मी म्हटलं, मी बघतो तेव्हा तेव्हा. त्यांनी ते लिहून घेतलं. हिने तोंड खिडकीकडे केलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

पुस्तिकेचं पहिलं पान लिहिलं. अर्पणपत्रिका: 'गुंड्यास, ज्याने मला कधी फसवलं नाही.'

२२ एप्रिल, मंगळवार. सकाळी ७

अजून चहा घेतलेला नाही. तरी लिहितो.

पावणेसहाला लिफ्टच्या आवाजाने जाग आली. लिफ्ट चौथ्यावर थांबली, म्हणजे आमच्याच मजल्यावर, आणि थेट सातव्याला गेली. दाराचा लॅच ढिला वाजला. असा आवाज ऐकून मी झोपू शकत नाही, माझा स्वभाव नाही तो. पायजम्यावरच जिन्याने वर गेलो. सातव्याच्या वर गच्ची. गच्चीचं दार उघडं.

विटांवर सहा दांड्या मांडलेल्या. दोन झाडूच्या, एक पोछ्याची, पडद्याचा रॉड, आणि दोन कुठल्या कोण जाणे. ही नव्या बुटांत, हातात पट्टा. आणि गुंड्या. एकेक पाय मोजून उचलत, एकेक दांडी ओलांडत, चारही पायांवर. शेपटी वर. नवरदेवसुद्धा इतका ऐटीत चालत नाही.

आणि ही त्याच्याशी बोलत होती. शाब्बास म्हणत होती. माझं सोनं म्हणत होती. सात वर्षं जिने त्याचा उल्लेख 'ते' असा केला, ती!

मी दारात उभा. तेवढ्यात गुंड्याने मला पाहिलं. पाचव्या दांडीवर असतानाच त्याने उजवा पाय झटकन वर घेतला. चेहरा पाडला. आणि तीन पायांवर, कण्हत, अख्खी गच्ची ओलांडून माझ्याकडे आला आणि नाक सरळ पायजम्याच्या खिशात घातलं.

खिशात बिस्किट होतं. ते दिलं. काय करणार?

सकाळी ११

सगळ्यांना माहीत होतं. फिजिओबाईंना माहीत होतं, त्यांनीच तर हिला दांड्या कशा मांडायच्या ते शिकवलं, गाडी आणायला मला पाठवून! बुटांबद्दल बोलत होत्या! वॉचमनला माहीत होतं. कामवाल्या बाईंना माहीत होतं. अख्खी बिल्डिंग मूग गिळून बसली होती. पहाटे एक सत्र, दुपारी मी झोपलो की एक, संध्याकाळी मी बातम्या बघताना मागच्या पॅसेजमध्ये एक. पाच आठवडे! केसाने गळा कापला माझा.

आणि गुंड्या. त्याच्याबद्दल काय लिहावं? कुत्र्याचं इमान, कुत्र्याचं इमान म्हणून जग डोक्यावर घेतं. खाल्ल्या घरचे वासे मोजतो तो. नव्हे, वासे नाही, बिस्किटं मोजतो.

हिला विचारलं की तुला कळलं कसं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली की अकरा मार्चला तो दिवसभर दवाखान्यात होता, आणि अकरा मार्चच्या तिन्ही चौकटींत खुणा आहेत. एक निळी, एक काळी, एक हिरवट.

नसलेली लिफ्ट सुरळीत.

मी बसलो. दोनशे वेळा जांभया देत ऐकलेली गोष्ट या बाईने नेमकी लक्षात ठेवली होती.

मग विचारलं की तेव्हाच का नाही सांगितलंस. तिने भाजीचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली की रिटायर झाल्यापासून तुम्ही दिवसभर पायजम्यात असायचात. हा तक्ता आल्यापासून रोज शर्ट घालून बसायला लागलात, तेवढं मोडायचं नव्हतं. पाय तर वाचवायचा होताच. म्हणून दोन्ही सांभाळलं.

हे ऐकून राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं, फार. मी ज्याला खिशातून बिस्किटं देत होतो त्याचा पाय ती वाचवत होती, आणि माझ्या शर्टाचीही काळजी तीच करत होती. आणि मी पुस्तिका लिहीत होतो.

पुस्तिकेचं पहिलं पान फाडलं. मग आठवलं की मागच्या बाजूला दूधवाल्याचा फोन नंबर आहे. परत चिकटवलं.

२८ एप्रिल, सोमवार

अखेरची तपासणी. मांडी ३६.५. सर्जनचा निरोप आला की परत ऑपरेशन नाही.

मग चालण्याची परीक्षा. दहा मीटरची रबरी पट्टी. एका टोकाला ही बसली, गुंड्याला हाक मारली. सरळ गेला, चारही पायांवर, एकदम पास. मग फिजिओबाईंनी मला बसायला सांगितलं. मी हाक मारली. मनात म्हटलं, गुंड्या, लाज राख.

तीन पायांवर आला. मधे थांबून कण्हलासुद्धा.

फिजिओबाईंनी नीट समजावलं. म्हणाल्या की दुखत काही नाही, हे शिकवलेलं लंगडणं आहे. मी म्हटलं की म्हणजे तो मला फसवत होता. त्या म्हणाल्या की छे, त्याला वाटतं हा तुमच्याबरोबर करायचा व्यायाम आहे. पाय उचलायचा, बिस्किट घ्यायचं. दिवसातून नऊ-दहा वेळा, एकही दिवस न चुकता, तुमचा तक्ता त्याने इमानाने पाळलाय.

नवीन सूचना: बिस्किटं पूर्ण बंद, वजनही अडीच किलो वाढलंय. लंगडत आला की बोलायचं नाही, बघायचं नाही, पाठ फिरवायची. रोज किती वेळा लंगडला ते नोंदवायचं. नवा तक्ता. या वेळी माझ्यासाठी.

मी ठरवलं. उद्यापासून पहाटे साडेपाचला गच्चीवर मीही. एकही नागा नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

उठलो आठ दहाला. लंगडणं: ११ वेळा. अकराही वेळा पाठ फिरवली. शेवटी शेवटी पाठीमागे तो कण्हत होता आणि पुढे मी.

१ मे, गुरुवार

उठलो! पाच पंचवीसला! शर्ट घालून गच्चीवर गेलो. गुंड्याने बघताच पाय वर. हिने पट्टा आखडून धरला आणि मला अगदी हळू सांगितलं की जरा पलीकडे जा. म्हणजे काय, तर पाण्याच्या टाकीमागे. तो मला बघतो तोवर चालत नाही.

तर माझं काम असं: टाकीमागे उभं राहणं, न दिसणं. चाळीस मिनिटं उभा होतो. टाकीचा वॉल्व्ह गळतोय. सोसायटीला कळवायला हवं.

लंगडणं: ४.

३ मे, शनिवार

लंगडणं: १. संध्याकाळी सोफ्याजवळ आला, पाय उचलला, थोडा वेळ तसाच उभा राहिला. मी पाठ फिरवली. मागे वळून बघितलं तेव्हा पाय खाली होता आणि तो दाराकडे निघाला होता. ही भाजी घेऊन येत होती.

फार फार वाटलं की हाक मारावी. मारली नाही.

५ मे, सोमवार. सकाळी १०

एकच पेन वापरलं. चौकटीत लिहिलं: लंगडला नाही. सकाळी ८, ८.४० आणि ९.१५ ला समोरून गेला, तिन्ही वेळा स्वयंपाकघराकडे, चारही पाय एकसारखे. माझ्याकडे पाहिलं नाही. शेरा: काम पूर्ण.

हिने तक्ता वाचला आणि खाली सही केली. मी म्हटलं की तपासून तर बघ. ती म्हणाली की यावेळी गरज नाही, असलं कुणी खोटं लिहीत नाही.

बिस्किटांचा डबा अजून माझ्या उशाशी आहे. निम्मा भरलेला. ही गुंड्याला घेऊन खाली गेल्यावर उघडला. एक खाऊन बघितलं. कोरडं, भुश्शासारखं. ना गोड, ना खारट.

एवढ्यासाठी!